पुढच्या लाकडातली खुर्ची

ओल्या सुताराच्या घरी पहिल्यांदाच आलेल्या माणसाला "बसा" म्हटलं की तो आधी चहूकडे बघायचा आणि मग म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. बसायला तिथे ढिगाने होतं, पण भरवशाचं एकही नव्हतं. दाराजवळची खुर्ची डावीकडे कलायची. खिडकीखालच्या बाकाला वाळताना असा पीळ पडला होता की त्यावर बसलेल्या दोघांची तोंडं आपोआप एकमेकांकडे वळायची. रुसलेल्या पाहुण्यांना मुद्दाम तिथे बसवत. स्वयंपाकघरात एक वाडगा धड गोल म्हणून नव्हता. मोठ्या डावाचं तोंड वाकडं, त्यामुळे उजव्या हाताने वाढलं की शेजारच्याच्या ताटात पडायचं. घरची माणसं सवयीने डाव्या हाताने वाढायची आणि पाहुण्यांना वाटायचं, हे अख्खं घरच डावखुरं आहे.

कारण साधं होतं. जे नीट जमायचं ते गिऱ्हाइकाकडे जायचं. ज्याला चीर गेली, पीळ पडला, ऐन वेळी गाठ निघाली, ते घरी यायचं. सुताराच्या खुर्च्या आजोबांनी घ्याव्यात आणि नातवंडांनी त्यांच्या वाटणीवरून भांडावं, अशी त्याची ख्याती. आणि त्याची बायको, जिला सगळे सुतारीणबाई म्हणत, ती मात्र लग्न झाल्यापासून चुलीजवळच्या एका बुटक्या, ऐसपैस स्टुलावर बसत आली होती. त्या स्टुलाचा एक पाय तोकडा होता आणि त्याखाली कापडाची घडी होती. घडी सरकू नये म्हणून स्टूल कधी हलवलं गेलं नाही. बटाटे सोलताना पुढच्या आडव्या दांडीवर टाचा टेकायची तिची सवय, त्यामुळे त्या दांडीला दोन खळगे पडले होते. "तात्पुरतं बस यावर," लग्नाच्या पहिल्या वर्षी सुतार म्हणाला होता, "तुझी खुर्ची पुढच्या लाकडातली."

तेव्हापासून किती लाकडं आली आणि गेली, त्याची गणती नव्हती. मुलगी त्या स्टुलाला धरून उभी राहायला शिकली, मोठी झाली, सासरी गेली. पुढचं लाकूड अजून यायचं होतं.

त्याला ओला सुतार म्हणायचे ते त्याच्या कामावरून. बाकीचे सुतार वाळलेल्या फळ्या आणतात, करवतीने कापतात, खिळे ठोकतात, सरस लावतात. हा गृहस्थ नुकतं पाडलेलं झाड ओलं असतानाच कुऱ्हाडीने आणि पाचरीने उभं फोडायचा. मग एका लांब बाकावर स्वार व्हायचा. या बाकाला पायाने दाबला की लाकूड घट्ट पकडणारा लाकडी जबडा होता, आणि त्याला तो घोडा म्हणायचा. त्यावर बसून दोन मुठींचा सुरा आपल्या पोटाकडे ओढत लाकूड तासायचा. ओल्या लाकडाच्या लांबच लांब ढलप्या निघायच्या, त्यांचा वास घरभर सुटायचा, आणि दिवसभर घोड्यावर बसूनही हा माणूस कुठेच पोहोचत नाही, असं सुतारीणबाई म्हणायची.

खरी गोम जोडात होती. खुर्चीचे पाय तो ओलसर असतानाच भोकं पाडून तयार ठेवायचा. पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या मात्र स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोरीला टांगून हाडासारख्या कोरड्या करायचा. ओल्या भोकात कोरडी दांडी ठोकली की पुढे पाय वाळताना आवळतो, दांडीला जन्माचा पकडून ठेवतो. खिळा नको, सरस नको. उलटं झालं, म्हणजे दांडीच ओली राहिली, तर तीच पुढे वाळून बारीक होते आणि एक दिवस बसणारा माणूस जमिनीवर येतो. "नवरा-बायकोचंही असंच असतं," तो एकदा फार खुशीत असताना म्हणाला होता. "यातलं वाळलेलं कोण?" असं सुतारीणबाईने विचारल्यावर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

माणूस वाईट नव्हता. खोड एकच होती, त्याला कौतुक सोसायचं नाही. बायकोसाठी म्हणून तो मधूनमधून खुर्ची करायला घ्यायचा, अगदी मनापासून घ्यायचा. ती पुरी होऊन दारात वाळायला ठेवली की कोणीतरी रस्त्यावरून जाता जाता थांबायचं. बेकरीवाला थांबला आणि म्हणाला, "काय पाठ आहे हो या खुर्चीची, बघूनच कंबर सरळ होते." झालं. सुतार हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि खुर्ची बेकरीत गेली. पुढची पोस्टमास्तरने नेली, त्याने नुसता हात फिरवून डोळे मिटले होते. त्यानंतरची दाताच्या डॉक्टरने. प्रत्येक वेळी सुतार घरात येऊन ओशाळा उभा राहायचा आणि म्हणायचा, "अगं, त्याला फारच आवडली. तुझं काय, घरचीच आहेस."

एरवी सुतारीणबाईने हेही चालवून घेतलं असतं. पण त्या वर्षी तिचा डावा गुडघा बंड करून उठला. हाडांच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की बुटक्या स्टुलावर बसणं बंद, गुडघ्याच्या उंचीची चांगली खुर्ची घ्या, आणि पुढे म्हणाला, "तुम्हाला काय, घरचाच कारखाना." सुतारीणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच लंगडत समोरच्या शिवणवालीकडे गेली.

समोरची शिवणवाली म्हणजे मशीन चालवताना तोंडही त्याच वेगाने चालवणारी बाई. वयाने लहान, डोक्याने तल्लख. तिने सगळं ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "वहिनी, भाऊंचा नियम काय आहे? सांगून करवून घेतलेली खुर्ची ते दुसऱ्याला देतात का?"

"छे. राजा दारात आला तरी देणार नाहीत. गिऱ्हाईक म्हणजे त्यांना देव."

"मग तुम्ही बायको कशाला राहता? गिऱ्हाईक व्हा की."

असा हा कट शिजला. शिवणवालीची एक लांबची मावसबहीण पुलापलीकडे राहते, असं ठरलं. बिचारी कुठे येत-जात नाही, निरोप शिवणवालीमार्फत. पैशाची अडचण नव्हती. घरचा डबा सुतारीणबाईच्याच ताब्यात होता, त्यातून निघालेले पैसे फिरून त्यातच पडणार होते. मापाचं तेवढं अवघड होतं, कारण सुताराला फीत चालायची नाही. फितीने कापड मोजतात, माणूस काठीने मोजावा, असं त्याचं म्हणणं. तेव्हा शिवणवालीने सुतारीणबाईला कापड बेतायच्या टेबलाशी उभं केलं, बसवलं, वळवलं, आणि जळणातल्या एका काठीवर कात्रीने खाचा पाडल्या. टाचेपासून गुडघ्यापर्यंत एक, बसल्यावरची रुंदी एक, पाठीची एक. दोघी इतक्या हसल्या की एक खाच थोडी वर पडली आणि ती पुन्हा पाडावी लागली.

सुताराने काठी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. सुतारीणबाई स्टुलावर बसून बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचा सुरीचा हात थांबला होता. ज्या माणसाला झाडाच्या सालीवर थाप मारून आतली ओल कळते, त्याला काठीवरून आपली बायको कळणार, अशी तिची खात्रीच होती. निम्मी धास्ती होती आणि खरं सांगायचं तर निम्मी आशाही होती.

"बुटकी आहे," सुतार म्हणाला. "आणि रुंद."

सुतारीणबाईने बटाट्याचा एक मोठा तुकडा सालीबरोबर उडवला.

"पण बाई कामाची आहे," तो पुढे म्हणाला. "बसल्याची खाच बघ. पुढच्या कडेवर बसलेली आहे, मागे टेकलेली नाही. ही पाठ टेकवतच नसणार. बसते कमी, उठते जास्त. कोणीतरी तिला सारखं हाका मारत असणार."

"असेल," सुतारीणबाई म्हणाली.

"घरचा माणूस अगदी बिनकामाचा दिसतो," सुतार हळहळून म्हणाला, आणि काठी काखेत मारून कामाच्या शेडकडे जाता जाता मागे वळला. "अगं, चहा टाकतेस ना?"

सुतारीणबाई उठली. गुडघा कुरकुरला. चहा टाकताना ती हसत होती की दात-ओठ खात होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सुरुवातीला मजा वाटली. सुतार रोज नवा प्रश्न काढायचा, शिवणवाली तो ऐकून घ्यायची, रस्ता ओलांडून सुतारीणबाईला विचारायची आणि उत्तर घेऊन परत जायची. बाई भाजी बसून चिरते का? हात टेकायला हवेत का? उठताना कुठल्या बाजूला जोर देते? "डावा गुडघा दुखतो म्हणते," शिवणवालीने सांगितलं. सुतार हे ऐकून गंभीर झाला. म्हणाला, उजवा हात थोडा पुढे काढू, म्हणजे त्यावर भार देऊन उठता येईल. रात्री जेवताना त्याने हे सगळं बायकोला समजावून सांगितलं. "गुडघेदुखी फार वाईट," तो म्हणाला. "तुलाही मध्ये काहीतरी होत होतं ना?"

"होत होतं," सुतारीणबाई म्हणाली.

"बरं झालं थांबलं ते."

हळूहळू मजा आंबट व्हायला लागली. सुतार कामावर असताना गुणगुणायचा, जे त्याने गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं. जेवताना पुलापलीकडचीचाच विषय. तिला कसं नेमकं कळतं, ती कशी मागे लागत नाही, उगाच घाई करत नाही. "असं गिऱ्हाईक जन्मात एकदा मिळतं," तो वाकड्या वाडग्यातलं पातळ भाजीचा शेवटचा घोट पिऊन म्हणायचा. "नाहीतर तू. कधी धड सांगितलंस तुला कशी खुर्ची हवी ते?" सुतारीणबाईने खुर्ची हवी हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की कशी हवी हे सांगायची पाळीच आली नव्हती. पण ती मूग गिळून बसली. बोललं तर बिंग फुटणार होतं.

मग त्याने ओंडका काढला. मागच्या ओढ्याच्या डबक्यात त्याने एक ओंडका बुडवून ठेवला होता. वादळात पडलेल्या एका जुन्या झाडाचा, सरळ रेषेचा, एक गाठ नसलेला. पाण्यात ठेवला की लाकूड ओलं राहतं. "हे ते पुढचं लाकूड बरं का," त्याने बायकोला स्वतः नेऊन दाखवलं होतं. आज तोच ओंडका दोरीने ओढत त्याने अंगणात आणला, आणि पाचर मारली तसा तो एका रेषेत उभा फुटला. सुतारीणबाई दारात उभी राहून बघत होती.

"अहो, हे माझं लाकूड ना?"

"तुझं काय, घरचीच आहेस," सुतार धापा टाकत म्हणाला. "परक्या बाईला निकृष्ट लाकूड कसं द्यायचं?"

ती थेट शिवणवालीकडे गेली आणि कापडाच्या ढिगावर बसली. "माझं लाकूड त्या बाईला घातलं."

"वहिनी, ती बाई तुम्हीच आहात."

"ते मला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?"

शिवणवालीने पुष्कळ समजूत घातली. लाकूड तुमचं, खुर्ची तुमची, नवरा तुमचा, मग बिघडलं कुठे? सुतारीणबाईलाही ते पटलं. परतताना ती स्वतःशी हसलीसुद्धा. पण पटणं डोक्याचं काम आहे आणि तिचं दुखणं डोक्यात नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्या हाकेला ती उठली, त्या माणसाने तिचा गुडघा, तिची कंबर, तिची बसायची रीत सगळी हातात धरून उजेडात बघितली होती आणि त्याला दुसरीच बाई दिसली होती. आणि वर ती आवडलीही होती.

पान कोरलं तेव्हा मात्र हद्द झाली. सुताराला नक्षीचा तिटकारा. लेकीच्या पाळण्यावर एखादं फूल काढा, असं सुतारीणबाईने एकदा विनवलं होतं, तर त्याने लाकडाच्या इभ्रतीवर लांबलचक भाषण दिलं होतं. आणि आता जोडायच्या राहिलेल्या खुर्चीच्या पाठीच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मधोमध, एक लहानसं पान होतं. शिरांसकट.

"हे काय?"

"सहज," सुतार म्हणाला, आणि चक्क लाजला.

दुसऱ्या दिवशी सुतार खुर्चीची बैठक विणायला लागणारी झाडाची आतली साल आणायला गेला. त्या दुपारी सुतारीणबाई खुर्चीवाल्याच्या बायकोलाच सुचावं असं वागली. दुसरी एखादी असती तर तिने खुर्ची चुलीत घातली असती, नाहीतर पाय तोडला असता. हिने चुलीवर टांगलेल्या, हाडासारख्या कोरड्या दांड्यांची जुडी खाली काढली आणि मागच्या टबात, साल भिजत घालायच्या पाण्यात, बुडवली. दांड्या तरंगायला लागल्या म्हणून वर लोखंडी कढई ठेवली. संध्याकाळपर्यंत त्या पाणी पीत राहिल्या. मग तिने त्या शांतपणे पुसल्या आणि होत्या तशा टांगल्या. बसू दे पुलापलीकडचीला आणि पडू दे धाडकन, असा विचार करून ती स्टुलावर टेकली. टाचा दांडीच्या खळग्यांत ठेवल्या. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की धाडकन पडणार आहे ती कोण.

दांड्या पुन्हा वाळवायला आठवडे लागले असते. घाईने चुलीत भाजल्या तर तडकल्या असत्या. आणि जोड तर सकाळीच घालायचा होता, कारण ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या पायांवर काळे डाग धरायला लागले होते. सांगावं तर कट उघडा पडणार, न सांगावं तर खुर्ची मोडणार. शिवाय पाप केलं होतं ते वेगळंच. सुताराच्या हातची खुर्ची आजवर एकदाही निसटली नव्हती, आणि ती निसटवणार होती त्याचीच बायको.

सकाळी सुताराने जुडी खाली घेतली. त्याची रीत होती, दोन दांड्या एकमेकींवर वाजवून बघायच्या. कोरडी दांडी टणटण वाजते. त्याने वाजवल्या. थप, असा आवाज आला.

सुतारीणबाई चुलीकडे तोंड करून उभी होती. सुताराने पुन्हा वाजवल्या. थप.

"अगं," तो म्हणाला, "शिवणवालीकडून जाड दोरा आणतेस? सावकाश ये."

ती गेली, आणि अगदी सावकाश, दुपार टळल्यावर आली, कारण घरी येऊन काय ऐकावं लागेल याची तिला घाई नव्हती. आली तेव्हा खुर्ची जोडून, पोत्याखाली झाकून उभी होती. सुतार नेहमीसारखाच दिसत होता. म्हणजे याला ऐकू आलं नाही, असं तिने ठरवलं. अलीकडे तो जरा कमीच ऐकायचा, विशेषतः ती बोलायची तेव्हा. चुलीजवळ मात्र जागा रिकामी होती, नुसती कापडाची घडी पडली होती.

"स्टूल कुठे गेलं?"

"पाय निघाला. दुरुस्तीला घेतलंय."

"मग मी कशावर बसू?"

"बादली आहे ना," सुतार म्हणाला.

बैठक विणून, खुर्ची वाळून होईपर्यंत सुतारीणबाई उलट्या बादलीवर बसली. हे दिवस तिला फार जड गेले. बादलीची कड रुतायची, गुडघा ठणकायचा, आणि त्याहून जास्त मनात रुतायचं. रोज ती ठरवायची, आज सांगायचं. रोज सुतार काहीतरी बोलायचा आणि राहून जायचं. एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, तो आता पुलापलीकडचीबद्दल बोलत नव्हता. बायकोकडेच अधूनमधून बघत बसायचा. तिला वाटलं, बादलीवर मी भलतीच दिसत असेन.

खुर्ची पोचवायचा दिवस आला. सुताराने ती पोत्यात गुंडाळून डोक्यावर घेतली, रस्ता ओलांडला आणि शिवणवालीच्या खोलीत मधोमध ठेवली. सुतारीणबाई मागोमाग आलीच होती. शिवणवालीने आधीच बोलायला सुरुवात केली, की बहीण उद्या गाडी पाठवणार आहे, तब्येत जरा बरी नाही, खुर्ची काय सुरेख, ठेवून जा भाऊ.

"ठेवून कशी जाऊ?" सुतार म्हणाला. "गिऱ्हाईक बसल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही."

शिवणवालीचं मशीन आणि तोंड दोन्ही बंद पडली. असं फार वर्षांनी घडत होतं.

"मग असं करू," सुतार बायकोकडे वळून म्हणाला. "तू बस. साधारण तिच्याच अंगाची आहेस."

"मी नाही बसणार," सुतारीणबाई म्हणाली.

"का?"

"मोडेल."

"माझी खुर्ची?"

सुतारीणबाईला रडू फुटलं. आधी तिने ते पदराने दाबायचा प्रयत्न केला, पण इतके दिवस बादलीवर बसून साचलेलं ते असं थोडंच थांबणार. "अहो, दांड्या मी भिजवल्या. टबात घातल्या, वर कढई ठेवली. तुम्ही त्या बाईचं इतकं कौतुक करत होतात, माझं लाकूड दिलंत, पान काढलंत. आणि ती बाई मीच होते. बहीण-बिहीण कोणी नाही. तुम्हाला काठी बघून कळेल असं वाटलं होतं मला. तुम्हाला कळलंच नाही."

शिवणवाली कापडाच्या ढिगात शिरायला जागा शोधत होती. सुताराने पोतं काढलं, त्याची नीट घडी घातली आणि खांद्यावर टाकली.

"बस," तो म्हणाला.

सुतारीणबाई दोन्ही हातांनी कडा धरून, अंडी ठेवल्यासारखी अलगद टेकली. काही मोडलं नाही. कुरकुरलंही नाही. गुडघा बरोबर तिथे आला जिथे तो दुखत नव्हता. उजवा हात आपोआप पुढे काढलेल्या लाकडावर पडला. मग सवयीने तिच्या टाचा पुढच्या दांडीवर गेल्या, आणि दोन खळग्यांत जाऊन बसल्या.

तिने खाली वाकून बघितलं. पाय नवे, पांढरे होते. पण दांड्या काळपट, धुराने वर्षानुवर्षं शेकलेल्या होत्या, आणि पुढच्या दांडीला तिच्या टाचांनी घासून पाडलेले दोन गुळगुळीत खळगे होते.

"हे माझं स्टूल आहे," ती म्हणाली.

"घरात तेवढंच कोरडं लाकूड होतं," सुतार म्हणाला. "चुलीजवळ इतकी वर्षं. टोकं तेवढी नव्याने तासली."

"म्हणजे तुम्हाला थप ऐकू आलं होतं."

"मी सुतार आहे."

"तरी बोलला नाहीत."

"काय बोलू? दांडी भिजवली की खुर्ची निसटते, हे या घरात आपल्या दोघांनाच माहीत. मी तर भिजवली नव्हती. मग म्हटलं, हिला त्या बाईचा एवढा राग का? काठी घेऊन स्टुलाजवळ बसलो. बैठक पुढच्या कडेलाच झिजलेली, तिला काठी लावली, रुंदीची खाच बरोबर आली. डावा खळगा खोल होता, आणि त्या बाईचाही डावाच गुडघा दुखत होता." सुतार पोत्याचा एक धागा ओढत राहिला. "मी त्या स्टुलाकडे केलं त्या दिवसानंतर बघितलंच नव्हतं."

"आणि तोवर तुम्हाला खरंच ती दुसरी बाई वाटत होती?"

सुताराला इथे खोटं बोलता आलं असतं. पण तो विचार करून म्हणाला, "हो."

"आणि आवडली होती?"

"फार," सुतार म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "पान कोरलं तेव्हा मला चोरट्यासारखं वाटत होतं. नंतर कळल्यावर जरा बरं वाटलं."

सुतारीणबाई रडतारडता हसायला लागली. शिवणवालीही हसली आणि धीर करून ढिगातून बाहेर आली. तिने खुर्चीभोवती एक फेरी मारली, पानावरून बोट फिरवलं. "काय काम आहे हो भाऊ," ती म्हणाली. "असं पान मी जन्मात बघितलं नाही. माझ्या मशीनसमोर अशी एक खुर्ची असती ना..."

सुताराच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं दोघींनाही दिसलं. त्याने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. सुतारीणबाईने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तुमची," सुतार म्हणाला, "पुढच्या लाकडातली."

सुतारीणबाईने हात सैल सोडले. मग ती हळूच मागे सरकली आणि पाठ टेकवली. पान बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये आलं. "अगं, आता चहा..." सुतार सवयीने म्हणाला, आणि ती उठत नाही हे त्याने बघितलं. मग त्याने शिवणवालीला विचारलं की साखर कुठे ठेवता.